छानरावांसाठी खारी पेस्ट्री

आमच्या ताईंना स्वयंपाक येत नाही. मी भावजय आहे म्हणून टोमणा मारतेय असं समजू नका, त्या स्वतःच भेटेल त्याला हे अभिमानाने सांगतात. आईवडील लवकर गेले, ताईंनी धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, उकडलेल्या अंड्यांवर आणि पावावर मोठं केलं, आणि तरी हा बाबा सहा फूट वाढला. त्यामुळे स्वयंपाक शिकायची गरज असते हे त्यांना आजतागायत पटलेलं नाही.

खाली आमचं दुकान, वर आम्ही राहतो. दुकान कपडे अल्टर करून देण्याचं. पँट आखूड करा, जॅकेटची चेन बदला, मागच्या वर्षी शिवलेला ड्रेस आता दंडात जात नाही तो कसाही करून घालता येईल असं बघा. गिऱ्हाइकाशी मी बोलते, कापडाशी ताई बोलतात. उलटं केलं तर आठवड्यात दुकानाला कुलूप लागेल.

तर त्या रविवारी दुपारी मी चहा पीत उभी होते, आणि ताई स्वयंपाकघरात आल्या. मनगटावर टाचण्यांची गादी तशीच बांधलेली. ती त्या सुट्टीच्या दिवशीही काढत नाहीत, लोक घड्याळ घालतात तशी घालतात.

"आज मी करणार," त्या म्हणाल्या.

"काय करणार?"

"ते त्रिकोणी. पेस्ट्रीत सारण भरून एअर फ्रायरमध्ये लावतेस ते. सोपं असतं म्हणालीस ना?"

"माझ्यासाठी सोपं असतं! अहो ताई, संध्याकाळी माणूस यायचाय. आजच प्रयोग कशाला? मी करते, आपण तुम्ही केलं म्हणून सांगू."

"तेच तर नकोय मला," ताई म्हणाल्या आणि फ्रीज उघडून कुठे काय असतं ते शोधायला लागल्या.

माणूस कोण ते सांगते. आमची मशीनं दुरुस्त करायला जे येतात, ते. बाजारामागच्या गल्लीत त्यांचं एवढंसं दुकान आहे, आणि वर एक खोली. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. मी पाठीमागे त्यांना छानराव म्हणते, आणि आता नवऱ्याच्या तोंडातही तेच नाव बसलंय. कारण या माणसाला दुसरा शब्द येत नाही. चहा दिला, छान. चहात साखर विसरले, छान. एकदा आमच्या दुकानातली खुर्ची त्यांच्याखाली मोडली, दाणकन खाली बसले, आणि उठताना म्हणतात कसे, "छान, छान, लागलं नाही."

मशीनच्या बाबतीत मात्र हाच माणूस जमदग्नी. मशीन चालू करतात, कान लावून ऐकतात आणि तोंडावर सांगतात, "घाण आवाज येतोय. तेल कुणी घातलं यात? ज्याने घातलं त्याला हात जोडतो, पुन्हा घालू नका म्हणावं." घातलं मी होतं.

गेलं वर्षभर आमच्या मोठ्या मशीनला काय धाड भरली होती कोण जाणे. टाका सुटायचा. छानराव यायचे, मशीन उघडायचे, जोडायचे, चहा घ्यायचे, छान म्हणायचे, जायचे. थोडे दिवस बरे जायचे आणि परत टाका सुटायचा. आणि मागच्या आठवड्यात, मशीनखाली डोकं घातलेलं असतानाच, त्यांनी ताईंना विचारलं, "आपण दोघांनी लग्न करायचं का?"

मी कापायच्या टेबलापाशी होते. माझ्या हातातली कात्री खाली पडली.

ताई म्हणाल्या, "आधी डोकं बाहेर काढा." त्यांनी काढलं. मग ताई म्हणाल्या, "रविवारी संध्याकाळी चहाला या. सांगते."

आणि आता रविवारची दुपार झाली होती, आणि ताईंचं काही म्हणजे काही ठरलेलं नव्हतं.

"मला तो माणूस आवडतो," पेस्ट्रीच्या शीटचं पाकीट कात्रीने उघडत ताई म्हणाल्या. "तुझ्यापासून काय लपवायचं. आवडतो. पण उठसूट छान म्हणणाऱ्या माणसाची मला धडकी भरते."

का भरते ते मला माहीत होतं. ताई पंचविशीच्या असताना एकाशी त्यांचं लग्न ठरलं होतं. त्यालाही सगळं छान वाटायचं. ताईंचं काम छान, भाऊ छान, घर छान. आणि मग एक दिवस तो यायचा बंद झाला. काय खुपलं, कुणी दुखावलं, एका अक्षराने सांगितलं नाही. ताई म्हणतात, तो गेला त्याचं मला फार नाही वाटलं. पण आपलं काय चुकलं ते आठवण्यात मी जी उमेदीची वर्षं घालवली त्याचं वाटतं. हे सांगताना त्या हसतात, पण ते हसू काही खरं नसतं.

"म्हणून आज मी करणार," ताई म्हणाल्या. "वाईटच होणार. तो खाईल. वाईट झालंय म्हणाला, तर माझं उत्तर हो. छान म्हणाला, तर नाही."

"म्हणजे त्या गरिबाला मुद्दाम वाईट खायला घालायचं?"

"मुद्दाम कशाला? माझ्या हातून आपोआपच होईल."

मी कपाळाला हात लावला. "अहो, पाहुणा म्हणून आलेल्या माणसाने तोंडावर वाईट म्हणायचं? असा माणूस मी तर दारातूनच वाटेला लावीन."

"तुझं काय जातंय, तुझं लग्न झालंय," ताई म्हणाल्या.

खरं सांगू? मला ते लग्न व्हायला हवं होतं. ताईंना चष्म्याशिवाय सुईचं नेढं दिसत नाही. पण जिन्यावर, दारात, कुठेही छानरावांच्या चपलांचा आवाज आला की चष्मा आधी काढून ड्रॉवरमध्ये जायचा. आणि मग ते असेपर्यंत ही बाई आंधळी कोशिंबीर खेळल्यासारखी चाचपडत काम करायची. एवढं सोसणाऱ्या बाईने एका शब्दापायी नाही म्हणायचं? माझ्याने ते बघवलं नसतं.

बरं, अडवून ऐकणार नव्हत्याच. म्हणून मी सारण तरी सांगून करवलं. मश्रूम, कांदा, सिमला मिरची, वरून चीज आणि मिरी. चिरण्यात ताईंचा हात धरणारं कुणी नाही, एकेक तुकडा मापात. पण गॅसपाशी आल्या की त्यांचा धीर सुटतो.

"पाणी आटेपर्यंत परता," मी म्हटलं. "मश्रूमला पाणी सुटतं. सारण ओलं राहिलं तर खालची बाजू कच्ची राहते."

"आटलं."

"नाही आटलं."

"आटलं म्हणते ना! करपवायचंय का आता?"

त्या चीज शोधायला वळल्या तशी मी चमच्याने चव घेतली. ठार अळणी. मी गुपचूप मीठ घातलं आणि ढवळून बाजूला झाले. एवढ्या लबाडीला काही हरकत नाही, असं मी मनाशी म्हटलं.

मग ताईंनी पेस्ट्रीची शीट ओट्यावर पसरली आणि गळ्यातली टेप काढली.

"ताई, टेप?"

"मग काय अंदाजपंचे कापू?"

चार इंचांचे चौकोन, एक सूत इकडे नाही की तिकडे नाही. खडूने खुणा करणार होत्या, तेवढा मी हात धरला. शिवणीच्या आत आम्ही जास्तीचं कापड ठेवतो, त्याला माया म्हणतो. ताईंनी पेस्ट्रीलाही चारी बाजूंनी अर्धा इंच माया सोडली, मधे सारण ठेवलं, कडेला पाण्याचं बोट फिरवलं, घडी घातली आणि काट्याच्या टोकाने कड दाबत गेल्या. इतके सुबक त्रिकोण मी जन्मात केले नव्हते. बघता बघता मला वेगळीच काळजी लागली. चुकून चांगलेच झाले तर परीक्षेचं काय करायचं?

ती काळजी फार वेळ टिकली नाही. आमचा एअर फ्रायर मधे बंद पडला होता आणि तो छानरावांनीच दुरुस्त करून दिला होता. त्यांनी दुरुस्त केलेली कुठलीही वस्तू पहिल्यापेक्षा जोरात चालते. आधी तो गुणगुणायचा, आता घोंघावतो. पहिली खेप आत गेली आणि थोड्याच वेळात आतून फडफड ऐकू आली. भांडं ओढून बघतो तर वाऱ्याने त्रिकोणांचे वरचे पदर उचलले गेलेले, सारण उघड्यावर, आणि एक पठ्ठ्या तर उडून थेट वरच्या तापलेल्या तारेला चिकटलेला. धूरच धूर.

"काही जळतंय का?" बाहेरून नवऱ्याने विचारलं.

"नाही, नाही, छान चाललंय!" मी खिडकी उघडत ओरडले. आता माझ्याही तोंडून तेच निघालं.

तार खरवडून साफ केली. घड्याळाचा काटा पुढे पळत होता. मी ताईंना म्हटलं, "दुसरी खेप भरून ठेवा, कड आणखी घट्ट दाबा, मी कप काढून, तोंडावर पाणी मारून येते." तेवढा वेळ त्यांना पुरला.

परत आले तर दुसरी खेप भांड्यात मांडून तयार, आणि प्रत्येक त्रिकोणाला टाचण्या. मनगटावरची गादी निम्मी रिकामी.

"हे काय आहे?"

"उडत होते. टाचून घेतले."

"ताई, हे खायचंय!"

"मग? कपड्याच्या टाचण्या शिवून झाल्यावर काढतो, या भाजून झाल्यावर काढायच्या."

मी तोंड उघडलं, आणि सांगायला लाज वाटते, पण मला त्यात काही खोट सापडेना. दुसऱ्या कुठल्याही घरात कुणीतरी किंचाळलं असतं. आमच्या घरात मी एवढंच विचारलं, "उकळत्या पाण्यातून काढल्यात ना?" काढल्या होत्या. टाचण्या नुसत्या लोखंडी होत्या, डोक्यावर प्लॅस्टिकचा मणी नव्हता, म्हणजे वितळायची भीती नाही. मी बटण दाबलं. रोज जे करतो ते डोक्यात इतकं मुरतं, की जेवणाच्या ताटात टाचणी बघूनही आमच्या पोटात काही हललं नाही.

आणि काम झालं की हो! एकही त्रिकोण उडाला नाही. फुगले, सोनेरी झाले, कडा तशाच्या तशा. ताईंनी चिमट्याने टाचण्या उपटून, पुसून, परत गादीवर रांगेत लावल्या. दुकानात आमचा एक नियम आहे. तयार कपड्यावरून लोहचुंबक फिरवल्याशिवाय तो गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा नाही. चुंबक खाली दुकानात होतं. ते आणायला ताई दाराकडे निघाल्या आणि बेल वाजली. छानराव वेळेच्या आधी आले होते.

ताईंनी चष्मा काढला आणि माझ्या हातात कोंबला. चुंबक राहिलं ते राहिलंच.

छानरावांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि केस पाण्याने चप्प बसवले होते. हातात भेट म्हणून काय, तर मशीनच्या तेलाची नवी बाटली. ती त्यांनी माझ्या हातात दिली. "वहिनी, यापुढे हेच घाला," म्हणाले. मी मुकाट्याने घेतली.

सगळे टेबलाशी बसलो. ताट मधे ठेवलं. नवऱ्याने कुणी घ्या म्हणायच्या आत दोन उचलले. छानरावांनी एक घेतला, सगळीकडून फिरवून बघितला आणि चावा घेतला. ताई त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या, मी ताईंच्या तोंडाकडे, आणि नवरा ताटाकडे.

छानराव चावत राहिले. मधेच थांबले. डोळ्यांत पाणी आल्यासारखं झालं. रुमाल काढून तोंड पुसलं, परत चावले, गिळलं.

"छान आहे," ते म्हणाले.



"नीट सांगा," ताई म्हणाल्या. "कसं झालंय?"

"छान झालंय. अगदी." आणि ते खोटं वाटू नये म्हणून दुसरा घेतला, तोही संपवला.

ताईंचं मला सगळं कळतं. गिऱ्हाइकाला 'हे काम होणार नाही' म्हणायच्या आधी त्या हात मांडीवर ठेवतात, एकावर एक. तसे त्यांनी ठेवले. सांगून टाकणार आता, मी म्हटलं, संपलं सगळं. सवयीने त्यांचा अंगठा मनगटावरच्या गादीवरून फिरला. फिरता फिरता थांबला. परत मागे आला. टाचण्यांच्या रांगेत एक जागा रिकामी होती.

ताई उठल्या. "गार झालेत," त्या म्हणाल्या. "गरम करून आणते." आणि ताट उचलून माझ्याकडे असं बघितलं की मीही उठले.

"एक टाचणी कमी आहे," आत गेल्यावर त्या कुजबुजल्या.

दोघींनी मिळून उरलेले सगळे त्रिकोण फोडले. सारण कुस्करलं, पदर न् पदर उलगडून बघितला. टाचणी नाही. म्हणजे ती खाल्लेल्यांपैकी एकात होती. मी दारातून नवऱ्याला खूण केली. तो आला.

"अहो, खाताना काही टोचलं का?"

"टोचलं नाही. पण मीठ जरा..."

"गप्प बसा!"

"तोंड उघड," ताई म्हणाल्या. त्याने उघडलं. एवढा मोठा बाप्या, पण ताईंसमोर आ कर म्हटलं की करतो. जीभ, गाल, सगळं ठीक होतं.

"म्हणजे त्यांच्यात गेली," ताई म्हणाल्या. "पोटात गेली असेल तर गं? मी मारलं त्या माणसाला."

"मी विचारू का?"

"नको. मीच विचारते." त्यांनी मी ओट्यावर ठेवलेला चष्मा उचलला, डोळ्यांवर चढवला आणि बाहेर गेल्या. छानरावांनी त्यांना चष्म्यात पहिल्यांदाच बघितलं आणि जरा सावरून बसले.

"तुम्हाला खाताना काही टोचलं का?" ताईंनी उभ्या उभ्याच विचारलं.

"मला? छे, छे. छान होतं."

पण आता ताईंना सगळं स्पष्ट दिसत होतं. छानरावांच्या मुठीत रुमाल होता आणि रुमालावर लाल ठिपका.

"रुमाल द्या."

"असू दे हो, मळलाय."

"द्या म्हणते ना!"

त्यांनी दिला. ताईंनी उलगडला. घडीत टाचणी होती, व्यवस्थित, रुमालाला आरपार टोचून ठेवलेली, म्हणजे कुणाच्या पायाखाली जाऊ नये.

माझा जीव भांड्यात पडला. टाचणी पोटात नव्हती, आणखी काय हवं? मी तर हसायच्या बेतात होते. पण ताईंचा चेहरा बघितला आणि हसू जागच्या जागी राहिलं.

"कुठे लागली?" ताईंनी विचारलं.

"आतून. गालाला. थोडीशीच."

"रक्त आलं."

"थोडंसं."

"तोंडातून रक्त येत होतं आणि तुम्ही छान म्हणत होतात." ताईंचा आवाज वाढला नाही, हेच वाईट होतं. "उद्या मी तुमच्या जिवावर उठले तरी तुम्ही छानच म्हणाल. आणि एक दिवस उठून निघून जाल, आणि काय दुखलं ते मला कधी कळणार नाही. हे एकदा झालंय माझं. परत नाही झेपायचं. तुम्ही चांगले आहात, पण मला नाही जमणार." आणि त्या आत जायला वळल्या.

मी मनातल्या मनात देवाचा धावा करत होते. बोला हो, म्हटलं, बाबा, तुम्हाला आणखी एखादा शब्द येत असेल तर आत्ता बोला.

"बसा खाली," छानराव म्हणाले.

तो आवाज मी याआधी फक्त मशीनशी बोलतानाच ऐकला होता. ताई बसल्या. नवरा आणि मी उभे होतो, आम्हीही बसलो.

"मगाशी तुम्ही ताट उचललंत," छानराव म्हणाले. त्यांचे कान लालबुंद झाले होते. "गार झालेत म्हणालात. गार कुठले, माझी जीभ पोळत होती. टाचणी कमी आहे हे तुम्हाला कळलं होतं. सांगितलंत?"

ताईंनी नाकावरचा चष्मा वर सरकवला.

"खरं पाहिजे ना? मग ऐका. मीठ दुप्पट पडलंय. खालची बाजू कच्ची आहे, दाताला चिकटते. मिरी इतकी कुणी घालतं का? कड फक्त चांगली आहे. कड मी अशी कुठे बघितलेली नाही. हे दुसऱ्या कुणी दिलं असतं तर एका घासावर पाणी प्यालो असतो आणि पुढचा गुपचूप खिशात टाकला असता. तुम्ही केले होते म्हणून दोन खाल्ले."

"मीठ दुप्पट कसं?" ताई म्हणाल्या. "शेवटी लक्षात आलं तेव्हा मी बेतानेच घातलं होतं." आणि सावकाश माझ्याकडे वळल्या. मी छताकडे बघायला लागले. छताला रंग काढायला झालाय, खरंच.

"अजून आहे," छानराव म्हणाले. एकदा झाकण उघडलं तसे ते थांबेनात. "तुमच्या मशीनला काहीही झालेलं नव्हतं. पहिल्याच वेळी नीट झालं होतं ते. नंतर दर वेळी निघताना मीच धाग्याच्या ताणाचा स्क्रू जरासा सैल सोडून जात होतो."

नवऱ्याचा हात ग्लासकडे निघाला होता, तो हवेतच राहिला. ताई ताडकन उभ्या राहिल्या.

"वर्षभर? माझं मशीन? अहो, त्या एका कोटाची शिवण मी तीनदा उसवली! गिऱ्हाइकाच्या पाया पडायची बाकी राहिले होते मी!"

"माहीत आहे."

"लाज नाही वाटली?"

"वाटली ना. दर वेळी वाटली. घरी गेल्यावर जेवण गोड लागायचं नाही. इतक्या वर्षांत मी कुणाचं मशीन अर्धवट सोडलेलं नाही, तुमचं सोडलं. नीट करून गेलो असतो तर परत कशाला बोलावलं असतंत मला?"

ताई परत खाली बसल्या.

छानरावांनी मान खाली घातली. "मशीन उघडलं तर मला परत जोडता येतं," ते म्हणाले. "माणसाचं नाही येत. वाकडं बोललो आणि तुटलं तर काय करू? बायको शेवटी शेवटी फार आजारी होती. रोज सकाळी विचारायची, मी कशी दिसते. मी म्हणायचो, छान. तिला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. ती गेली आणि तो शब्द तोंडात राहिला." मग थोडं थांबून म्हणाले, "तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, असं नाही चालत. पण मी निघून जाणारा माणूस नाहीये हो. परत यायला मिळावं म्हणून तर सगळी चोरी केली."

मला एकाएकी फार वाईट वाटलं. या माणसाला मी वर्षभर नाव ठेवून हसत होते.

"आता तुम्ही सांगा," छानराव म्हणाले. "हो की नाही. आणि खरं सांगा."

जगाकडून खरं मागणारी ही बाई, स्वतःवर वेळ आली तशी टेबलक्लॉथची कड बोटांनी मोजत बसली. मी या घरात आल्यापासून त्यांना चिडलेलं पाहिलंय, थकलेलं पाहिलंय, तापाने फणफणलेलं पाहिलंय. पण मला अमुक नको वाटतं, तमुक जड जातं, असं त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. विचारलं तर म्हणायच्या, मला काय धाड भरलीय.

"मला भीती वाटते," ताई म्हणाल्या.

छानरावांनी मान वर केली.

"हो म्हणायची भीती वाटते," त्या म्हणाल्या. "या वयात, एवढी सवय झाल्यावर, कुणी घरात आलं आणि मग परत रिकामं झालं तर? फार भीती वाटते. आणि नाही म्हणायची त्याहून जास्त वाटते."

छानराव उठले. त्यांनी आपली खुर्ची उचलली, टेबलाला वळसा घालून ताईंच्या शेजारी आणून ठेवली, आणि त्यावर बसले. ताईंनी खुर्ची सरकवून त्यांना जागा करून दिली.

"म्हणजे हो ना?" माझ्या नवऱ्याने विचारलं. "ताई, हो ना गं?"

"हो रे राजा, हो," ताई म्हणाल्या, आणि चष्मा न काढताच रडायला लागल्या.